एकशे बारावा भाग

ज्या वर्षी दादाच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, नवी कवळी बसवली आणि दोन महिने नुसत्या मानेनेच हो-नाही केलं, त्याच वर्षी दादाची मुलगी ती कामाला असायची त्या औषधांच्या दुकानातून धापा टाकत घरच्या धुलाईत आली आणि हौदाच्या काठावर उभी राहून ओरडली, "बाबा, तुमचा भाग सापडला!"

दादाचे हात कोपरापर्यंत थंड पाण्यात होते. त्याने ते तसेच राहू दिले. पुढे गल्ल्यापाशी तिची आत्या, दादाची धाकटी बहीण, कपड्यांना नंबराच्या चिंध्या बांधत बसली होती. तिने मान वर केली नाही. पण त्या दिवशी दोन गठ्ठ्यांना एकच नंबर लागला आणि एका डॉक्टरांच्या घरी कुठल्याशा उपाहारगृहाचे अकरा एप्रन पोचले.

"कुठला भाग?" दादाने विचारलं, जणू त्याचे पन्नास भाग होते.

"‘पुन्हा विचार करा’चा! एकशे बारावा. कधी दाखवलाच नव्हता तो. जुन्या कार्यक्रमांच्या वाहिनीला गोदामात डबा मिळाला. रविवारी चार वाजता लावणार आहेत. बाबा, तुम्ही दिसणार! आणि आत्या, तूपण!"

"अरे वा," आत्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

‘पुन्हा विचार करा’ हा कार्यक्रम बंद पडून चौतीस वर्षं झाली होती, पण या घरात तो रोज दुपारी चारला चालू व्हायचा. धुलाईच्या वरच्या खोलीत, खालच्या कपडे उकळायच्या भट्टीच्या उबेने जिथली फरशी बाराही महिने कोमट असते, तिथे दादा ओले पाय पुसून बसायचा. खेळ साधा होता. दोघांची जोडी. एक जण पुढे उभा राहून उत्तर द्यायचा, दोन पर्यायांतलं एक. दुसरा मागे खुर्चीत बसायचा, मांडीवर लाल पाटी घेऊन. पुढच्याचं उत्तर चूक वाटलं तर त्याने पाटी उचलायची, की उत्तर उलटायचं. एकदा पाटी वर गेली की गेली. निवेदक शर्टाच्या बाह्या ओढत विचारायचा, "मागचे पाहुणे काय म्हणतात?" आणि दादा, त्याची मुलगी आणि खालून वाफेत न्हालेली इस्त्रीवाली माणसंसुद्धा एका सुरात ओरडायची, "पुन्हा विचार करा!"

दादाने एकेक भाग पाच-पाच सहा-सहा वेळा पाहिला होता. तपकिरी कोटातला शिक्षक शेवटच्या प्रश्नाला पाटी उचलून हरतो हे त्याला पाठ होतं. तरी तो प्रत्येक वेळी पुढे सरकून म्हणायचा, "बघ हं, आज नाही उचलणार." शिक्षक उचलायचा. दादा मांडीवर थाप मारायचा आणि हळहळायचा, अगदी पहिल्यांदा हळहळला तसा. मुलगी हसायची. "बाबा, त्याला कसं कळणार तुम्ही इथून सांगताय ते?"

"कळेल एखादे दिवशी," दादा म्हणायचा.

आत्या मात्र चार वाजता वर कधी जायची नाही. म्हणायची, गिऱ्हाइकांची वेळ असते.

चौतीस वर्षांपूर्वी या बहीणभावांनी त्या कार्यक्रमात भाग घेतला होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे काय झालं तेही ठाऊक होतं. शेवटचा प्रश्न एका नदीचा होता. आत्याने बरोबर उत्तर दिलं होतं आणि मागे बसलेल्या दादाने घाई करून लाल पाटी उचलली. बक्षीस म्हणून धुलाईला मिळणारा वाफेचा मोठा इस्त्री-प्रेस गेला. हा भाग ज्या दिवशी दाखवणार होते त्या दिवशी कुणी मोठा माणूस वारला, दिवसभर शोकसंगीत वाजलं, आणि भाग राहिला तो राहिलाच. त्यामुळे कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. आत्याकडून.

महिन्याभरात आप्पांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, धुलाई आत्याच्या नावावर केली. "ज्याचा हात पाटीवर आवरत नाही, त्याच्या हातात भट्टी देऊ?" असं ते चार लोकांत म्हणाले होते. तेव्हापासून दादा बहिणीच्या धुलाईत हौदावर कामाला होता. आणि वहिनींच्या तोंडी ती पाटी कायमची बसली. दादाने घर बदलू म्हटलं, मुलीला पुढे शिकवू म्हटलं, भाजी दुसऱ्या दुकानातून आणू म्हटलं, की वहिनी म्हणायच्या, "ठेवा ती लाल पाटी खाली." लोक हसायचे. दादाही हसायचा. चौतीस वर्षं.

हे सगळं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं. आता रविवारी चार वाजता सगळ्यांना कळणार होतं.

गुरुवारी आत्या भाचीला भेटायला औषधांच्या दुकानात गेली. काउंटरवर खोकल्याच्या बाटल्यांची उतरंड लावलेली होती. आत्याने त्या उतरंडीमागे उभं राहून हलक्या आवाजात सांगितलं, "रविवारचं जरा घरातल्या घरात ठेव. उगाच चार माणसं नकोत."

"का गं?"

"तुझ्या बाबांची फजिती. बरं दिसत नाही."

भाची मोकळेपणाने हसली. "आत्या, बाबांची फजिती मी जन्मल्यापासून ऐकतेय. शंभरदा ऐकली, एकदा बघू दे की. आणि चार माणसं कुठली? फक्त पोस्टमनकाका येणारेत. त्यांच्या वहीत तेवढीच एक ओळ रिकामी आहे."

पोस्टमन म्हणजे मागच्या गल्लीतला निवृत्त पोस्टमन. त्याने एका जाड वहीत कार्यक्रमाचे सगळे भाग लिहून ठेवले होते: जोडी कोण, कोट कुठल्या रंगाचा, पाटी कुणी उचलली, फायदा की तोटा. अशी त्यांची सात-आठ जणांची मंडळी होती. ती एकमेकांना पत्रं पाठवून भांडायची, की साठाव्या भागात निवेदक शिंकला की नुसता खाकरला.

"तू बाबांना किती जपतेस गं," भाची म्हणाली आणि तिने आत्याच्या हातावर हात ठेवला. "आईपेक्षासुद्धा जास्त."

आत्याला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पोट बिघडल्याचं सांगून तिने एक गोळ्यांची पट्टी घेतली आणि ती परतली.

शनिवारी ती हौदापाशी गेली. यंत्रांच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

"दादा, तू आजारी पड."

"कशाला?"

"म्हणजे उद्याचं रद्द करता येईल. टीव्हीची वायर मी काढून ठेवते."

"मी नाही आजारी पडत. मला बघायचंय मी कसा दिसायचो. तेव्हा डोक्यावर केस होते."

"आणि पाटी?"

दादाने एक टेबलक्लॉथ पिळला. हळू, शेवटच्या थेंबापर्यंत. मग तो म्हणाला, "चिमे, दमलो मी आता."

चिमी हे तिचं लहानपणचं नाव. ते ऐकून एरवी तिला बरं वाटायचं. आज तिने पदराने तोंड पुसलं आणि ती निघून आली. आजवर तिने स्वतःला समजावलं होतं, की दादाला याचं काही वाटत नाही. तो हसतो की. हसतो म्हणजे वाटत नाही, असा हिशेब करून ती चौतीस वर्षं झोपत आली होती.

रविवारी पावणेचारलाच खोली भरली. वहिनी दाराजवळच्या खुर्चीत. भाची जमिनीवर, टीव्हीच्या अगदी नाकासमोर. आत्याचा मुलगा, ज्याला धुलाईतली माणसं ‘मालक’ म्हणायची, खिडकीला टेकून. पोस्टमन वही उघडून, दोन पेनं घेऊन. एक आटलं तर पंचाईत नको म्हणून. दादाने धुतलेला शर्ट घातला होता आणि केस नसलेल्या डोक्याला तेल लावलं होतं.

"मामा, आज तरी उचलू नका," मालक म्हणाला.

"बघू," दादा म्हणाला.

"ते कसले ऐकतायत," वहिनी म्हणाल्या. नव्या दातांतून त्यांचे शब्द अजून जरा शिट्टी वाजवत यायचे. "यांचा हात म्हणजे स्प्रिंगच."

सगळे हसले. आत्या भिंतीपाशी उभीच होती. "बस ना आत्या," भाची म्हणाली. ती बसली.

गाणं वाजलं. भाची आणि पोस्टमन त्यावर बोटं वाजवत होते. निवेदकाने बाह्या ओढल्या. मग पडद्यावर ते दोघे आले, आणि खोलीत एकच गलका झाला.

"अगंबाई, काय बारीक होते हे!"

"आई, तुझ्या दोन वेण्या?"

"कोट करडा," पोस्टमन लिहिता लिहिता पुटपुटला. "उसना वाटतो. खांद्यात सैल."

"उसनाच होता," दादा म्हणाला. "आमच्या धुलाईतला. गिऱ्हाइकाचा. दुसऱ्या दिवशी धुऊन परत केला."

आत्या पडद्यावरच्या त्या पोरीकडे बघत राहिली. चोवीस वर्षांची, सासरहून मूल घेऊन परत आलेली, बापाच्या घरात जेवताना दुसरी पोळी मागायला घाबरणारी. ती मागच्या खुर्चीत बसली होती. लाल पाटी तिच्या मांडीवर होती.

"थांब," मालक म्हणाला. "पुढे तू होतीस ना? मामा मागे."

"सुरुवातीला असेल असं," भाची म्हणाली. "नंतर जागा बदलत असतील."

"जागा बदलत नाहीत," पोस्टमन वहीवरून मान न काढता म्हणाला. "एकशे अकरा भागांत कुणीही बदललेली नाही."

कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. प्रश्न पुढे सरकले. दादा पडद्यावर एकामागून एक बरोबर उत्तरं देत होता आणि इकडे खोलीत टाळ्या पडत होत्या. त्याचा आवाज तेव्हा ठणठणीत होता. वहिनी हळूहळू खुर्चीत पुढे आल्या. आपल्या नवऱ्याला एवढं सगळं येतं, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"आता नदी येणार," भाची म्हणाली.

निवेदक म्हणाला, "शेवटचा प्रश्न. तुम्ही धुलाईवाले, म्हणून मुद्दाम तुमच्याच घरचा. सुती कापडावर अंड्याचा डाग पडला आहे. आधी कुठल्या पाण्यात घालाल? गरम की थंड?"

"नदी कुठाय?" मालकाने विचारलं.

पडद्यावरचा दादा जराही अडखळला नाही. "थंड."

"बरोबर!" भाची ओरडली. "गरमात अंडं शिजतं, डाग बसतो!"

"मागचे पाहुणे काय म्हणतात?"

या वेळी खोलीत कुणी ओरडलं नाही. पडद्यावरच्या पोरीने ओठ चावला. तिचा हात खाली-वर झाला. मग लाल पाटी वर गेली, दोन वेण्यांच्याही वर, आणि तिथेच राहिली.

घंटा वाजली, हरल्याची. निवेदक हळहळला. "भावाचं बरोबर होतं हो! का उचललीत?"

आणि ती पोरगी म्हणाली, सगळ्या जगासमोर, "आमचे आप्पा भट्टीच लावतात, उकळतं पाणी. सगळ्याला. ते बघतील हे. त्यांना चूक कसं म्हणू मी?"

आपण असं काही बोललो होतो, हे आत्या साफ विसरली होती. तिला आठवत होतं ते फक्त नंतरचं. दीड दिवसाचा बसचा प्रवास. दारात आप्पा, आणि त्यांच्यामागे तिच्या बाळाला कडेवर घेतलेल्या वहिनी. आप्पांनी विचारलं, "काय झालं?" खरं सांगायचं म्हणजे सांगायला हवं होतं, की अख्खा जन्म तुम्ही हॉटेलवाल्यांचे डाग उकळून पक्के करत आलात, आणि दादा पहाटे तुम्हाला चोरून तेच कापड थंड पाण्यात घालतो. भाग दिसेल तेव्हा दिसेल; तिच्या तोंडून निघालं, "नदीचा प्रश्न होता. माझं बरोबर होतं. दादाने पाटी उचलली." दादा मागून पिशवी घेऊन येत होता. त्याने ऐकलं. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "हो. घाई झाली."

बस, एवढंच. तीन शब्दांत त्याचं आयुष्य हौदात गेलं. आप्पांना दुखवायचं नव्हतं, इथवर ती स्वतःला माफ करू शकली असती. पण महिन्याभराने आप्पांनी किल्ली पुढे केली तेव्हा तिने हात पुढे केला होता. तेव्हा कुणी तिला घाई केली नव्हती.

खोलीत टीव्हीवर पुढच्या भागाची जाहिरात चालू होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. फक्त पोस्टमन आनंदात होता. बिचाऱ्याला घरातलं काय ठाऊक!

"उत्तर भाऊ," तो लिहीत होता. "पाटी बहीण. तोटा. ताई, ती तुम्हीच ना? मागची खुर्ची जरा अंधारात होती. नोंद पक्की हवी म्हणून विचारतो."

आत्याने दादाकडे पाहिलं. तो पडद्याकडेच बघत होता.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"पाटी तुम्हीच उचलली?"

"मीच उचलली. घरी येऊन त्याने उचलली असं सांगितलं तेही मीच. लिहा."

पोस्टमनचं पेन थांबलं. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, वही मिटली आणि चपला न शोधता, मिळाल्या त्या पायांत घालून तो जिना उतरला.

भाची उठून उभी राहिली. "आत्या, परवा मी म्हटलं तू त्यांना जपतेस. तेव्हा तरी बोलायचंस गं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे धुलाई..." मालक म्हणाला.

"दादाची," आत्या म्हणाली. तिने कमरेची किल्ली सोडवली आणि दादापुढच्या तिपाईवर ठेवली.

"तिथे नको," दादा म्हणाला, "चहा सांडेल." मग म्हणाला, "मी काय करू तिचं आता? गुडघे गेले माझे."

तेवढ्यात वहिनी बोलल्या. आत्याला वाटलं होतं, वहिनी आपल्यावर तुटून पडतील. तशी तिने मनाची तयारीही केली होती. पण वहिनी नवऱ्याकडे वळल्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"तिला तेव्हा जायला दुसरी जागा नव्हती. मी मुलगा. मला आप्पा घराबाहेर थोडेच काढणार होते?"

"ते आप्पांना. मला का नाही?"

"तुझ्या पोटात राहिलं नसतं."

"आप्पा जाऊन वीस वर्षं झाली. वीस वर्षांत एकदाही?" वहिनींच्या शब्दांतली शिट्टी कुठे गेली होती कोण जाणे. "चौतीस वर्षं मी तुम्हाला खुळा समजत आले. चार लोकांत बोलत आले. मुलीसमोर बोलत आले. आणि तुम्ही समोर बसून हसत होतात. म्हणजे मी कोण हो तुमची? मला किती वाईट बाई करून ठेवलंत तुम्ही!"

दादा तेल लावलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

"वहिनी, त्याची काही चूक..." आत्याने सुरुवात केली.

"वन्सं, तुम्ही गप्प बसा. तुमचं बोलून झालंय, तेव्हाच."

आत्याला आयुष्यात इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं. सासरहून परत आली, त्या दिवशीसुद्धा नाही. तेव्हा तिची चूक नव्हती. मालक खाली गेला. थोड्या वेळाने पायाखालची फरशी गार होत गेली, तेव्हा कळलं, की त्याने भट्टी विझवली आहे.

किल्ली तिपाईवर तशीच पडून होती. सोमवारी सकाळी सहाला ती वहिनींनी उचलली, खाली जाऊन शटर उघडलं आणि त्या गल्ल्यावर बसल्या. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. मालकाने धुलाईचे कागद मामाच्या नावावर करून आणले. दादाने त्यावर सही केली, ती मुलीने चार वेळा सांगितल्यावर. आत्या मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहू लागली. वहिनी तिच्याशी कामापुरतं बोलत: "बारा नंबर झाला का?" "झाला." जेवायला ताट वाढलेलं असायचं, पण हाक यायची नाही.

नवऱ्याशीही वहिनी पहिल्यासारख्या बोलेनात. टोमणे बंद झाले आणि घर ओसाड वाटायला लागलं. एकदा दादा मुलीला म्हणाला, "ती पाटीवरून बोलायची तेच बरं होतं गं." मुलगी म्हणाली, "बाबा, आता नाही बोलणार ती. लाज वाटते तिला." दादा म्हणाला, "सगळ्यांनाच वाटायला लागली. मला हे नको होतं."

आत्या रोज ठरवायची, आज त्याच्यापाशी जाऊन सरळ माफी मागायची. वाक्यही तयार होतं. इस्त्री फिरवता फिरवता ती ते मनात म्हणून बघायची. पण समोर दादा दिसला की तो विचारायचा, "पाय दुखतात का गं उभं राहून?" आणि ती म्हणायची, "नाही रे." तेवढ्यावर दिवस जायचा.

दादा पुढच्या वर्षी, उन्हाळा लागायच्या आधीच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यात वारला. चौसष्ट वर्षांचा होता. शेवटी त्याच्याजवळ वहिनी आणि मुलगी होत्या. आत्या धुलाईत होती. तिला त्या दिवशी संध्याकाळी ते वाक्य घेऊन दवाखान्यात जायचं होतं.